धूर कमी झाला की जास्त लक्ष द्यायचं: अँडीजमधल्या लास्कार ज्वालामुखीची जडणघडण

प्रश्न असा आहे: चिलीच्या उत्तर भागात, अटाकामा वाळवंटाच्या वर, लास्कार नावाचा ज्वालामुखी आहे. १९९३ साली त्याचा मोठा उद्रेक झाला होता. इतक्या दुर्गम, जवळपास निर्मनुष्य जागी असलेल्या डोंगराचा हजारो वर्षांचा इतिहास कळतो तरी कसा? पुढचा उद्रेक आधी ओळखता येतो का? आणि आपला सह्याद्रीही ज्वालामुखीच्याच दगडाचा आहे, मग तिकडचे डोंगर असे सुळक्यासारखे आणि आपले पायऱ्यापायऱ्यांचे, सपाट माथ्याचे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरात बाकी दोन्ही प्रश्नांची किल्ली आहे.

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून हा लाव्हा बाहेर आला आणि पसरत गेला. थरावर थर बसले, आणि पुढे झिजताना त्यांच्याच पायऱ्या झाल्या. बेसाल्टमध्ये सिलिका (वाळूचा मुख्य घटक; ती जितकी जास्त, तितका लाव्हा घट्ट) साधारण ४८ ते ५२ टक्के असते आणि बाहेर येताना त्याचं तापमान अकराशे अंशांच्या पुढे असतं, म्हणून तो पातळ असतो. लास्कारचा दगड आहे अँडेसाइट आणि डेसाइट. त्यात सिलिका साधारण ५५ ते ६८ टक्के, आणि शिलारसाचं तापमान नऊशे ते हजार अंशांच्या आसपास. गुऱ्हाळात काहिलीतली काकवी आणि तोच रस आणखी आटल्यावर झालेला गुळाचा घट्ट पाक यांच्या वाहण्यात जो फरक, तो या दोन लाव्हांमध्ये समजा. घट्ट शिलारस लांब जात नाही, तोंडाशीच साचतो. त्यात विरघळलेला वायू सहज सुटत नाही, अडकून राहतो, आणि शेवटी शिलारसाच्या चिंधड्या उडवून बाहेर पडतो. एका वेळी लाव्हाची जाड जीभ, दुसऱ्या वेळी राख आणि दगडांचा थर, पुन्हा लाव्हा, अशी रास एकाच तोंडाभोवती चढत जाते आणि उभ्या उतारांचा शंकू तयार होतो. भूवैज्ञानिक याला स्ट्रॅटोव्होल्कॅनो म्हणतात, म्हणजे थराथरांनी उभा राहिलेला ज्वालामुखी.

आता हा वायू येतो कुठून? मुख्यतः समुद्रातून. प्रशांत महासागराच्या तळाचा नाझ्का नावाचा भूपट्ट दर वर्षी सहा-सात सेंटिमीटरच्या गतीने दक्षिण अमेरिकेखाली सरकतो आहे. समुद्राच्या तळाशी लाखो वर्षं भिजलेला तो कातळ आणि त्यावरचा गाळ आपल्या खनिजांमध्ये पाणी धरून असतो. शंभर-सव्वाशे किलोमीटर खोल गेल्यावर दाब आणि उष्णतेमुळे ते पाणी सुटतं, वरच्या प्रावरणात शिरतं आणि तिथला खडक वितळण्याचं तापमान खाली आणतं. उष्णता वाढल्याने नव्हे, पाणी शिरल्याने खडक वितळतो, हे इथे नीट लक्षात घ्यावं. विद्यार्थ्यांच्या मनात ‘घर्षणाने दगड वितळतो’ हे चित्र फार घट्ट बसलेलं असतं आणि ते चुकीचं आहे.

तयार झालेला रस मुळात बेसाल्टच्या जवळचाच असतो. पण मध्य अँडीजमध्ये त्याला वर यायला जगातल्या सर्वांत जाड कवचांपैकी एक पार करावं लागतं. इथे भूकवच जवळजवळ ७० किलोमीटर जाड आहे, म्हणजे नेहमीच्या खंडीय कवचाच्या दुपटीच्या आसपास. वर येता येता रस थांबतो, थोडा निवतो, त्यातून स्फटिक वेगळे होतात, भोवतालचा जुना खडक थोडा वितळून त्यात मिसळतो. वर पोचेपर्यंत त्याची सिलिका वाढलेली असते, पाण्याचं प्रमाण वाढलेलं असतं आणि तो घट्ट झालेला असतो. अँडीजमध्ये सगळीकडे ज्वालामुखी नाहीत हेही इथे सांगायला हवं. पेरूच्या उत्तर-मध्य भागात आणि चिलीच्या मध्यभागी भूपट्ट जवळपास आडवा सरकतो, तिथे ज्वालामुखींची रांग तुटते. या दोन तुटींच्या मधे, साधारण १४ ते २८ अंश दक्षिण अक्षांशांत, मध्य ज्वालामुखी पट्टा आहे. लास्कार त्यातला, चिलीच्या उत्तरेकडच्या ज्वालामुखींमध्ये सर्वांत जागा.

जागा नकाशावर पाहून घ्या. आंतोफागास्ता प्रांत, २३ अंश २२ मिनिटं दक्षिण, ६७ अंश ४४ मिनिटं पश्चिम. उंची सुमारे ५,५९० मीटर. पश्चिमेला खाली अटाकामाचं प्रचंड मिठागर, सालार दे आताकामा. त्याच्या कडेला तोकोनाओ हे गाव, आणि वर घळीपाशी तालाब्रे ही छोटी वस्ती, ज्वालामुखीपासून सुमारे १७ किलोमीटरवर. पूर्वेला पाच किलोमीटरवर आग्वास काल्येंतेस हा लास्कारहून उंच आणि जुना शेजारी. ज्वालामुखींची रांग उत्तरेकडून येताना या मिठागरापाशी पूर्वेकडे सुमारे ६० किलोमीटर वळसा घेते आणि पुन्हा मूळ रेषेवर येते. लास्कार त्या वळशावर आहे.

पायाखालची जमीनसुद्धा साधी नाही. लास्कार ज्या पांढरट-गुलाबी खडकावर उभा आहे तो आताना इग्निंब्राइट, सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी ला पाकाना या महाविवरातून बाहेर पडलेला. इग्निंब्राइट म्हणजे तप्त राख आणि प्युमिस (वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला हलका दगड) यांच्या लोंढ्यांनी घातलेला थर. त्याचं आकारमान हजारो घन किलोमीटरमध्ये मोजतात. त्या मानाने लास्कारचा सगळा जीवनक्रम किरकोळ वाटेल. पण माणसाच्या मापाने मोजायचं तर लास्कार पुरेसा मोठा आहे. तोकोनाओत जी घरं आणि चर्चचा जुना घंटाघराचा मनोरा दिसतो, तो अशाच जुन्या ज्वालामुखीय राखेपासून झालेल्या मऊ पांढऱ्या दगडाचा आहे. तिथले कारागीर अजूनही तो दगड कोरतात.

लांबून पाहिलं तर लास्कार शंकू वाटतच नाही, पूर्व-पश्चिम पसरलेला, माथा कापलेला बोजड डोंगर वाटतो. याचं कारण तो एक डोंगर नाही. एकमेकांना चिकटलेले दोन शंकू आहेत, एक पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा, आणि माथ्यावर एकमेकांत घुसलेली सहा विवरं. आधी पूर्वेचा जागा झाला, मग काम पश्चिमेकडे सरकलं, आणि गेली सुमारे नऊ हजार वर्षं पुन्हा पूर्वेच्या बाजूला आलं आहे. आज धूर येतो तो याच बाजूच्या खोल विवरातून. हे आलटून-पालटून तोंड बदलणं लास्कारच्या इतिहासाचा कणा आहे.

आता तो इतिहास वाचतात कसा. इथे वाळवंट आपल्या बाजूने आहे. कोकणात किंवा सह्याद्रीत पाऊस, माती आणि झाडं काही शतकांत राखेचा पातळ थर नाहीसा करतील. अटाकामाच्या काठावर पाऊस इतका कमी की दहा-वीस हजार वर्षांपूर्वीची लोंढ्याची कड अजून हाताने चाचपता येते. इतक्या उंचीवर असूनही डोंगरावर आज हिमनदी नाही, कारण बर्फ धरायला पुरेसा ओलावाच नाही. पण त्याच कोरडेपणाची दुसरी बाजूही आहे: जळलेलं लाकूड क्वचित सापडतं, त्यामुळे कार्बन-१४ ने काळ काढायची संधी कमी. जिथे थराखाली सेंद्रिय काही मिळालं तिथे ते वापरलं गेलं. बाकी ठिकाणी दुसरी युक्ती: लाव्हाचा पृष्ठभाग उघडा पडल्यापासून अवकाशातून येणारे किरण त्यावर आदळत राहतात आणि पायरॉक्सीनसारख्या खनिजांत हेलियम-३ साचत जातो. उंचीवर किरणांचा मारा जास्त, धूप नगण्य, म्हणून ही पद्धत इथे छान चालते. मोइरा गार्डेवेग, स्टीफन स्पार्क्स, स्टीफन मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात थर मोजत, नमुने घेत लास्कारचा जो क्रम लावला, तो आजही पाया आहे.

क्रम असा. पहिला टप्पा ४३ हजार वर्षांपेक्षाही आधीचा: पूर्वेचा शंकू, अँडेसाइटचा लाव्हा, आणि त्याच्या उतारांवरून उतरलेले तप्त लोंढे. मग जोर पश्चिमेकडे सरकला. आणि सुमारे २६,५०० वर्षांपूर्वी सोन्कोर उद्रेक झाला. लास्कारच्या आयुष्यातला सर्वांत मोठा. सुमारे १० घन किलोमीटर राख, प्युमिस आणि दगड बाहेर पडले. राखेचा स्तंभ वीस किलोमीटरच्या वर गेला, आणि तो कोसळून झालेले लोंढे पश्चिमेला मिठागराच्या दिशेने पंचवीस किलोमीटरहून जास्त अंतर गेले. १९९३ चा उद्रेक यापुढे फार लहान आहे. दोघांच्या आकारमानात सुमारे शंभरपट फरक आहे.

सोन्कोरच्या थरातला प्युमिसचा एक गोटा हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. वजनाला हलका, आत बारीक भोकं, त्यात प्लॅजिओक्लेज या पांढऱ्या खनिजाचे आणि काळपट पायरॉक्सीनचे दाणे. काही गोट्यांमध्ये मात्र फिकट आणि गडद रंगाचे पट्टे एकमेकांत वळलेले दिसतात. हे दोन वेगळे शिलारस आहेत, अर्धवट मिसळलेले. ज्वालामुखीखालच्या शिलारसाच्या कोठीत आधीपासून निवत बसलेल्या, सिलिका जास्त असलेल्या रसात खालून ताजा, जास्त तापलेला, जास्त गडद रस घुसला. आपली उष्णता आणि आपला वायू त्याने वरच्या रसाला दिला. पूर्ण मिसळायला वेळ मिळण्याआधीच सगळं बाहेर फेकलं गेलं, म्हणून ते पट्टे दगडात राहिले. लास्कारच्या बहुतेक थरांत या खालून होणाऱ्या भरणीच्या खुणा सापडतात. ज्वालामुखी ‘का’ फुटला याचं उत्तर दगडात लिहिलेलं मिळावं, असं फार थोड्या ठिकाणी होतं, आणि म्हणूनच मला हा डोंगर इतका मोलाचा वाटतो. त्याच्या खनिजांत आणखी एक गोष्ट मिळते: ॲनहायड्राइट, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. शिलारसात गंधक भरपूर आणि तो चांगलाच ऑक्सिडाइज झालेला असल्याची ही खूण. विवरातून एरवीही जो सल्फर डायऑक्साइड सतत सुटत असतो, त्याचं मूळ इथे आहे.

सोन्कोरनंतर पश्चिमेचा शंकू पुन्हा बांधला गेला, लाव्हांनी भरून निघाला. मग सुमारे ९,२०० वर्षांपूर्वी तुंब्रेस उद्रेक: आधी राख-प्युमिसचा वर्षाव, मागून अँडेसाइटच्या स्कोरियाचे, म्हणजे काळ्या, फुगीर, सच्छिद्र दगडांचे लोंढे. तिथून पुढे काम पूर्वेकडे गेलं आणि आजची विवरं तयार होऊ लागली. सुमारे ७,१०० वर्षांपूर्वी वायव्येच्या उतारावरून आठ किलोमीटर लांबीची लाव्हाची जीभ उतरली. तिचा काळ हेलियम-३ नेच काढला आहे. उपग्रहाच्या चित्रात ती आजही अशी ठळक दिसते की काल उतरली असं वाटावं. दोन्ही कडांना उंच बांध, मधे उतारावर आडव्या वळ्या. घट्ट लाव्हा किती नाराजीने वाहतो हे त्या वळ्यांवरून समजतं.

माणसांनी लिहिलेल्या नोंदी सुरू होतात १९ व्या शतकाच्या मध्यावर, १८४८ च्या सुमारास. त्याआधी लास्कार शांत होता असा याचा अर्थ बिलकुल नाही. पायथ्याच्या लिकान अंताय समाजाचे लोक तिथे फार आधीपासून राहतात, लामा पाळतात, घळींमधल्या पाण्यावर शेती करतात, डोंगरांकडे पाऊस मागण्याचे त्यांचे विधी आहेत. नोंद नव्हती ती लिखित स्वरूपातली. आणि १९८० च्या दशकापर्यंतच्या नोंदीही ‘लांबून धूर दिसला, राख पडली’ इतक्याच आहेत. दर काही वर्षांनी एक लहान-मध्यम स्फोट, एवढंच त्यातून कळतं. म्हणूनच अशा ठिकाणी मी लिखित नोंदींपेक्षा थरांवर जास्त विश्वास ठेवतो. थर लहान घटना विसरतात, पण मोठी घटना लपवत नाहीत.

चित्र बदललं ते उपग्रहांमुळे, आणि त्यात लास्कारला मानाचं स्थान आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतले पीटर फ्रान्सिस आणि डेव्हिड रॉदरी यांना १९८५ च्या लँडसॅट चित्रांत लास्कारच्या विवरात काही ठिपके असे दिसले, जे अवरक्त लहरींत साध्या उन्हाच्या परावर्तनापेक्षा कितीतरी जास्त उजळ होते. तळाशी काहीतरी अतिशय गरम होतं. १६ सप्टेंबर १९८६ रोजी लास्कार फुटला. राख अँडीज ओलांडून आर्जेन्टिनातल्या साल्टा शहरावर, सुमारे २८५ किलोमीटरवर, साधारण तासाभरात पडली. जिथे उपकरण नाही, रस्ता नाही, अशा ज्वालामुखीवर आकाशातून पाळत ठेवता येते हे पटवून देणाऱ्या पहिल्या उदाहरणांपैकी हे एक.

१९८४ पासून विवरात जे चाललं होतं, ते जरा सावकाश सांगतो, कारण उद्रेक ओळखण्याच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे.

विवराच्या तळाशी घट्ट लाव्हा वर येऊन साचतो आणि घुमट तयार होतो. घुमट ताजा असताना तो सच्छिद्र असतो. त्याच्या कडेने, भेगांमधून, तापलेला वायू जोरात सुटत असतो. वर दाट पांढरा लोट, रात्री विवरात लाल झळाळी. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हा आता फुटणार. प्रत्यक्षात तेव्हा दाब निघून जात असतो. मग घुमटातला आणि नळीतला वायू कमी होतो, फुगलेला लाव्हा आकसतो, आणि घुमट वर्तुळाकार भेगांवरून स्वतःच्याच नळीत खाली बसू लागतो. खाली बसताना त्याची भोकं दबतात, भेगा चेपतात, गरम वायूतून सुटलेली खनिजं उरलेल्या फटी लिंपतात. वायूची वाट बंद होत जाते. वरचा धूर कमी होतो, अवरक्त चित्रातली उष्णता उतरते. खालून वायू येतच असतो. दाब वाढतो, आणि एका क्षणी घुमट उडतो. सप्टेंबर १९८६, फेब्रुवारी १९९०, एप्रिल १९९३ आणि डिसेंबर १९९३ असे चार स्फोट या चक्राच्या शेवटी झाले. १९९२ पासूनच्या एटीएसआर या उपग्रह उपकरणाच्या मोजणीतही मोठ्या स्फोटाआधी उष्णतेचा झोत घटलेला आढळला. म्हणून लास्कारबद्दल मी नेहमी हेच सांगतो की धूर वाढला म्हणून घाबरू नका, धूर कमी झाला तर जास्त लक्ष द्या.

१८ ते २० एप्रिल १९९३ चा उद्रेक हा चिलीच्या उत्तर भागातला नोंदींच्या काळातला सर्वांत मोठा. एका दमात झाला नाही. स्फोटांमागून स्फोट, मधे उसंत, पुन्हा स्फोट. राखेचे स्तंभ कधी पाच-दहा किलोमीटर, तर सर्वांत जोराच्या वेळी पंचवीस किलोमीटरच्या आसपास. स्तंभ कोसळून तप्त राख-प्युमिसचे लोंढे वायव्येला साडेआठ किलोमीटर गेले, काही आग्नेयेलाही उतरले. वाऱ्याने राख पूर्वेकडे नेली आणि ती ब्वेनोस आयरेसपर्यंत, सुमारे दीड हजार किलोमीटरवर पडली. यात कोणी दगावलं नाही. त्याचं मोठं श्रेय जागेच्या दुर्गमतेला आहे. हाच उद्रेक दाट वस्तीच्या डोंगरावर झाला असता तर चित्र वेगळं असतं.

या लोंढ्यांनी मागे ठेवलेलं एक निरीक्षण तपशिलाने सांगण्याजोगं आहे. तप्त लोंढा म्हणजे राखेचा फुफाटा, तो जमिनीवरून तरंगत जातो, असा एक समज आहे. १९९३ नंतर वायव्येच्या अरुंद घळींमध्ये जिथे उतार तीव्र होता, तिथला मूळ कातळ धुऊन-घासून काढल्यासारखा उघडा पडलेला आढळला. त्यावर लांब समांतर चरे, घासून गुळगुळीत झालेले पट्टे आणि मधे मधे दगड आपटून उडालेले टवके. म्हणजे लोंढ्याच्या तळाशी जड दगड दाटीने जमले होते आणि ते कातळाला कानशीसारखे घासत, ठोकत गेले. उतार कमी झाला तिथे, पंख्यासारख्या पसरलेल्या मोकळ्या जागी, हलके प्युमिस कडांना आणि टोकाला ढकलले जाऊन दोन्ही बाजूंना बांध आणि पुढे फुगीर बोटं तयार झाली. धोक्याचा नकाशा काढणाऱ्यासाठी याचा अर्थ थेट आहे: घळ जिथे अरुंद आणि उभी, तिथे लोंढा नुसता जात नाही, वाटेतलं खोदून सोबत घेतो.

इथपर्यंत वाचून वाटेल, चक्र समजलं, आता उद्रेक सांगता येईल. १९९३ नंतर लास्कारने ते चक्र तसं पाळलं नाही. घुमट पूर्वीसारखा वर येऊन बसला नाही; विवराचा तळ मात्र खाली खचत राहिला. १९९४ मध्ये भूकंपमापकांवर एक विलक्षण सूर टिपला गेला, अठरा तास चाललेला. मूळ कंपनं सेकंदाला ०.६३, आणि त्यावर तीसपर्यंत सुस्पष्ट पट. वाद्याच्या तारेला असतात तसे स्वरांश, पण माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या खालच्या पट्टीत. नळीतून वायू किंवा पाणी नियमित लयीत अडत-सुटत गेल्याशिवाय असा सूर उमटत नाही. पुढे २०००, २००२, २००५, २००६, २०१३ अशा वर्षांत स्फोट होत राहिले.

दुसरा धक्का रडार उपग्रहांनी दिला. शिलारस वर येताना डोंगर फुगतो, तो फुगवटा सेंटिमीटरपर्यंत रडारने मोजता येतो. मॅथ्यू प्रिचर्ड आणि मार्क सायमन्स यांनी १९९२ ते २००० या काळातल्या चित्रांवरून मध्य अँडीजमधले सुमारे ९०० ज्वालामुखी तपासले आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. बोलिव्हियातला उतुरुंकूसारखा झोपलेला मानला जाणारा डोंगर फुगताना सापडला. आणि त्याच काळात प्रत्यक्ष फुटलेला लास्कार? मोजता येण्याजोगी हालचाल नाही. त्याची नळी बहुतेक उघडी राहते, स्फोटांत बाहेर पडणारा माल थोडा, म्हणून डोंगराचं एकूण अंग हलत नाही. दुसऱ्या ज्वालामुखीवर हमखास चालणारी खूण इथे चालत नाही. ‘फुगला नाही म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य लास्कारबद्दल कोणी म्हटलं तर ते तिथेच थांबवावं.

३० ऑक्टोबर २०१५ ची घटना तर आणखी शिकवणारी आहे. तोवर डोंगरावर कॅमेरे, भूकंपमापक, वायू आणि तापमान मोजणारी उपकरणं होती. विवरात निवत चाललेला, उरलासुरला घुमट होता, त्याच्यातून वायू नीट सुटत नव्हता. हवामान केंद्राने पर्जन्याची नोंद केली, त्यानंतर वाफ वाढली आणि अचानक स्फोट झाला. करडा-पांढरा स्तंभ १.७ किलोमीटर उंच. मागाहून ड्रोनने पाहिलं तेव्हा घुमटाला सुमारे ५० मीटरचं भगदाड पडलेलं दिसलं. ताजा शिलारस वर आल्याची गरजच नव्हती. अभ्यासकांचं अनुमान असं की झिरपलेल्या पाण्याची वाफ झाली, उथळ घुमटात दाब कोंडला आणि तोंड उडालं. जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एका ठिकाणी, पाण्याने. १० डिसेंबर २०२२ रोजी लास्कार पुन्हा फुटला आणि त्यानंतर काही काळ इशाऱ्याची पातळी वर होती.

तर, उद्रेक आधी ओळखता येतो का? मोठा उद्रेक, सोन्कोरसारखा किंवा १९९३ सारखाही, पूर्ण गुपचूप होईल असं मला वाटत नाही. इतका शिलारस वर यायचा तर भूकंप, वायूतले बदल, विवरातली उलथापालथ, काहीतरी दिसेलच. वाफेचे लहान स्फोट मात्र वेगळे. ते लास्कारवर अधूनमधून होतात आणि बऱ्याचदा कसलीही आगाऊ खूण देत नाहीत. त्यांचा धोका गावांना फारसा नाही, पण विवराच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला तो पूर्ण आहे. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, पळणं तर दूरच, चार पावलं भराभर टाकली तरी दम लागतो. चिलीची भूविज्ञान आणि खाण सेवा, सेर्नाजियोमिन, तिच्या तेमुको इथल्या वेधशाळेतून लास्कारवर नजर ठेवते आणि हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा पातळ्या जाहीर करते. विवराभोवती मज्जावाचा घेर घोषित असेल तर गिर्यारोहकांनी तो पाळावा. ‘वर्षभर काही झालं नाही’ हे लास्कारवर जाण्याचं कारण होऊ शकत नाही.

तालाब्रेचे लोक हे सगळं आपल्या पद्धतीने जाणतात. जुनं तालाब्रे घळीच्या जास्त जवळ होतं, १९८० च्या दशकात वस्ती तिथून हलली. त्यांच्या दृष्टीने प्रश्न राखेचा आहे: कुरणावर पडलेली राख, जनावरांच्या पोटात जाणारी राख, घळीतल्या पाण्यात मिसळणारी राख. दूरच्या लोकांच्या दृष्टीने प्रश्न विमानांचा आहे, कारण प्रचलित वारा राख सरळ आर्जेन्टिनाकडे, साल्टा आणि हुहुईच्या आकाशात नेतो. ‘आसपास कोणी राहत नाही’ या वाक्याला म्हणूनच माझा आक्षेप आहे. थोडे लोक राहतात, आणि राखेला सरहद्द नसते.

भूविज्ञान शिकणाऱ्यांसाठी एक काम सुचवतो, घरबसल्या होणारं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात आणि ढग नसले तर लास्कारचं चित्र साधारण दर पाच दिवसांनी मिळतं. अटाकामात ढग क्वचितच. लघुतरंग अवरक्ताचे १२ आणि ११ क्रमांकाचे पट्टे आणि सोबत ८अ घेऊन रंगीत चित्र बनवा. विवराच्या तळाशी नारिंगी-पिवळे ठिपके दिसतील. एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे २० मीटर. दोन-तीन वर्षांची चित्रं तारीखवार लावा, प्रत्येकात उजळ ठिपके मोजा आणि आलेख काढा. बर्फ पडल्यानंतरची आणि विवरावर दाट वाफ असलेली चित्रं वेगळी काढायला विसरू नका, नाहीतर झाकलेली उष्णता आणि उतरलेली उष्णता यात गल्लत होईल. मग वेधशाळेच्या जाहीर अहवालांतल्या स्फोटांच्या तारखा त्याच आलेखावर टाका. ठिपके आधी मावळले होते की वाढले होते, हे प्रत्येक स्फोटासाठी स्वतंत्र तपासा. दोन्ही प्रकार सापडतील, आणि कोणत्या स्फोटात कोणतं कारण होतं यावर तिथून खरा वाद घालता येईल.